चांगल्या वाइनला चखणा लागतो का?

गेल्या महिन्यात एका मित्राशी या विषयावर इतका वाद झाला की शेवटी त्याच्या बायकोने "तुम्ही दोघं आता फक्त पाणी प्या" असं सांगून विषय संपवला. पण माझ्या डोक्यातून तो काही जात नाहीये म्हणून इथे लिहून टाकतोय. त्याचं म्हणणं साधं आहे, वाइन ही जेवणाबरोबरचीच गोष्ट, नुसती वाइन पिणं म्हणजे नुसतं लोणचं चाटत बसणं. माझं म्हणणं असं की नेहमीच्या वाइनला हे शंभर टक्के लागू आहे, पण खरंच भारी, वर्षानुवर्षं जपून ठेवलेली बाटली उघडली असेल तर निदान पहिला ग्लास तरी ताट लांब सरकवून प्यायचा. नाहीतर उघडूच नका, द्या मला.

वादाचं मूळ एक बारोलो. इटलीच्या वायव्येला पिएमोंते म्हणून भाग आहे तिथली ही वाइन, नेब्बिओलो नावाच्या एकाच द्राक्षाची, आणि नियमच असा की किमान ३८ महिने मुरवल्याशिवाय विकायची नाही, त्यातले १८ महिने लाकडी पिंपात. मित्राकडची बाटली होती २००४ सालची. ती त्याला कोणीतरी भेट दिलेली आणि तो ती कपाटात आडवी घालून बरीच वर्षं "योग्य वेळ" यायची वाट बघत बसलेला. ती वेळ म्हणजे आठ जणांचं जेवण. टेबलावर लसूण-मिरची सढळ हाताने घातलेलं चिकन, व्हिनेगर मारलेलं सॅलड, एक गोडसर सॉसमधला पदार्थ, दोन प्रकारचं चीज, आणि या सगळ्याच्या मध्ये बिचारी ती बाटली.

बारोलोचा रंग बघून माणूस फसतो. फिकट, विटकरी, काठाला जवळजवळ नारिंगी, वाटतं की काय हलकी वाइन आहे, आणि मग टॅनिन (द्राक्षाच्या सालीतून, बियांतून येणारं तुरट द्रव्य) असं धरतं की ज्याचं नाव ते. त्यात अल्कोहोल चौदा टक्क्यांच्या आसपास, आणि तिखटावर अल्कोहोल म्हणजे आगीत तेल. मी चिकनचा घास खाल्ला, घोट घेतला आणि तोंडात आलं काय, तर दोनदा उकळून गार झालेला कोरा चहा. सॅलडनंतर घेतला तर चहाही नाही, नुसतं पाणीच. सगळे "छान आहे हां" म्हणाले, पण ते छान म्हणजे कोणीतरी आपल्या बाळाचा फोटो दाखवल्यावर म्हणतात तसलं छान. मित्राचं तोंड बघवत नव्हतं.

मग साडेअकरा वाजता, लोक गेल्यावर, भांडी उचलून झाल्यावर, मी बाटली हलवून बघितली तर तळाला ग्लास-सव्वा ग्लास होती. गाळ खाली बसू दिला, वरची हळूच ओतली, दोघांनी पाण्याने चूळ भरली आणि अर्धी अर्धी घेतली. आता काय सांगू. वाळलेल्या गुलाबाचा वास, त्याच्या मागून डांबर (हो, डांबर! बारोलोबद्दल हे दोन शब्द सगळेच वापरतात आणि मला इतकी वर्षं वाटायचं लोक उगाच फेकतात), मग संत्र्याची सुकलेली साल, पावसानंतरचा पालापाचोळा. घोट गिळून झाला तरी चव जात नव्हती, आणि तुरटपणा होता पण रेशमासारखा. दोन मिनिटं दोघं काही बोललो नाही. मग मी म्हणालो, "बघितलंस? तुझ्या जेवणाने हिचा गळा दाबला होता." आणि तिथून वाद पेटला.

त्याचा पहिला मुद्दा बरोबर होता हे मान्य करतो. तो म्हणाला, "अरे, ती तीन तास उघडी होती, हवा लागली म्हणून खुलली, जेवणाचा काय संबंध?" आणि खरंच, मला यावर उत्तर नव्हतं. नेब्बिओलोला हवा मानवते. तीन तासांत काय हवेमुळे झालं आणि काय चूळ भरल्यामुळे, हे कसं वेगळं करणार?

म्हणून पुढच्या आठवड्यात घरी एक प्रयोग केला. साधी, तरुण काबर्ने सोव्हिन्यों नावाची रेड वाइन, जिचं काही बिघडलं तरी रडू येणार नाही अशी. एकाच वेळी चार ग्लासांत ओतली, म्हणजे हवेचा हिशोब सगळ्यांना सारखा. एक नुसता, एकाबरोबर सफरचंदाची फोड, एकाबरोबर घट्ट मुरलेलं चीज, एकाबरोबर गोड बिस्किट. बायको म्हणाली मंगळवार आहे याचं भान ठेव. ठेवलं, घोट लहान घेतले.

नुसता ग्लास: पहिले दोन घोट मस्त, काळ्या मनुकांसारखा फळाचा वास, थोडी देवदारची पेटी उघडल्यासारखं. तिसऱ्या-चौथ्या घोटापासून मात्र जीभ टीपकागद व्हायला लागली आणि सहाव्याला मी थांबलो. सफरचंदानंतर वाइन एकदम रोड झाली, हिरवट कडवटपणा वर आला जो आधी कळतच नव्हता. चीजबरोबर मात्र जादू, सगळे कोपरे घासून गोल, घोटावर घोट जातोय. बिस्किटाबद्दल बोलायला नको, गोडानंतर कोरडी (म्हणजे गोडवा नसलेली) वाइन म्हणजे आंबट शाई लागते. (चॉकलेट आणि रेड वाइन ही जोडी ज्याने लोकप्रिय केली त्याला माझ्यासमोर आणा, पोर्टसारखी गोड वाइन असेल तर ठीक, पण कोरड्या रेडबरोबर? लोक डोळे मिटून "वाव" म्हणतात आणि मला कळतच नाही काय चाललंय.)

आता गंमत अशी की चीजचा ग्लास मला सगळ्यात जास्त आवडला, म्हणजे मित्र जिंकला असं वाटेल. पण मी परत परत नाक घातलं, घोट तोंडात घोळवला, आणि लक्षात आलं की तुरटपणाबरोबर फळही गेलंय, देवदारही गेलंय. उरलं होतं ते एक गुळगुळीत, लोण्यासारखं, छानसं लाल पेय. कुठलीही असती.

वाइनच्या व्यापाऱ्यांमध्ये एक जुनी म्हण आहे, खरेदी करताना सफरचंद खा आणि विकताना चीज खिलवा. सफरचंदातली साखर आणि आंबटपणा वाइनचे दोष उघडे पाडतात, आणि चीज सगळ्यावर पांघरूण घालतं. हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या कॅम्पसमध्ये हिल्डेगार्ड हेमन आणि बर्नीस माद्रिगाल-गालान यांनी यातलं चीजचं तपासलं, २००६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आठ प्रकारचं चीज, चार जातींच्या द्राक्षांच्या रेड वाइन, आणि चव घ्यायला शिकवलेली माणसं. निघालं काय, तर चीजमुळे तुरटपणा कमी झाला हे खरं, पण फळाचे, लाकडाचे वासही दबले, चांगल्या गुणांसकट जवळजवळ सगळंच मंद झालं. वाढला तो फक्त लोण्याचा वास, आणि तो बहुतेक चीजचाच असणार! चीज आणि वाइन हे आपल्या डोक्यात किती पक्कं बसलंय बघा, पार्टी म्हटली की तो लाकडी पाट आलाच.

तर माझा मुद्दा इथे आहे. साध्या वाइनचे दोष झाकले गेले तर फायदाच आहे, चार गुण गेले तरी काय बिघडलं. पण जी बाटली आपण उघडलीच मुळी त्या गुणांसाठी, जिच्यासाठी पंधरा वर्षं थांबलो, तिच्यावर कसलं पांघरूण घालताय?

मित्राच्या बाजूनेही सांगतो, कारण तो हे वाचणार आहे. तरुण, कडक टॅनिनच्या वाइनला जेवण लागतंच, आणि त्याला कारण आहे. टॅनिन आपल्या लाळेतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो, आणि तोंड आवळल्यासारखं होतं. घोटागणिक हे साठत जातं, म्हणूनच माझी जीभ सहाव्या घोटाला टीपकागद झाली होती. २०१२ मध्ये कॅथरीन पेरो दे गाशों, पॉल ब्रेसलिन वगैरे मंडळींनी यावर एक सुंदर काम केलं. लोकांना सलामीचे (मुरवून सुकवलेल्या मांसाचे) तुकडे आणि मधूनमधून तुरट पेय दिलं, आणि दिसलं की मांसाने तोंडात येणारा ओशटपणा तुरट घोटाने कमी होतो, आणि घोटाने आलेला तुरटपणा मांसाने. दोघं एकमेकांना वेसण घालतात. म्हणजे स्टेकबरोबर तरुण काबर्ने ही नुसती परंपरा नाही, जिभेचं गणित आहे. तसंच आंबटपणाचं. कियांती, बार्बेरा, मुस्कादे या वाइन नुसत्या प्यायल्या तर दात आंबतात, पण तेलकट-तुपकट किंवा खारट काही समोर आलं की त्याच कशा ताज्यातवान्या लागतात. या वाइन पिढ्यान्‌पिढ्या जेवणाच्या टेबलासाठीच बनत आल्या, त्यांना एकटं बसवून "आता बोल" म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. कबूल. पूर्ण कबूल.

पण जुन्या वाइनमध्ये काय झालेलं असतं बघा. टॅनिनचे कण वर्षानुवर्षं एकमेकांना जोडले जातात, त्यांच्या लांब साखळ्या होतात, त्यातल्या कितीतरी शेवटी गाळ होऊन तळाला बसतात. म्हणूनच जुनी बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवायची आणि शेवटचा घोटभर बाटलीतच सोडायचा. म्हणजे मांसाचा तुकडा जे काम तोंडात करतो ते कपाटातल्या अंधाराने आधीच करून ठेवलंय. मग जेवण आता काय करणार? मदत करायला काही उरलंच नाहीये, फक्त लुडबुड करणार. आणि ती सोसण्याची ताकद जुन्या वाइनमध्ये नसते. तिचं सगळं धन नाकात असतं, मशरूम, कातडं, सुकलेली पानं, असले हळू आवाजातले वास. आपण जिला चव म्हणतो त्यातलं बरंचसं तोंडाच्या मागून नाकात जाणारा वासच असतो, आणि त्याच वाटेने लसूणही जाते. लसणीसमोर मशरूमचा सुगंध टिकेल का, तुम्हीच सांगा. बरं, तिच्याकडे वेळही नसतो. काही फार जुन्या बाटल्या उघडल्यावर तासाभरात बसतात, सपाट होतात, म्हणजे तुम्ही सूप, स्टार्टर करत मेन कोर्सपर्यंत पोचेस्तोवर गाडी सुटलेली.

इटालियन लोकांकडे यासाठी शब्दच आहे, 'विनो दा मेदितात्सिओने', ध्यानाची वाइन म्हणा. लुईजी वेरोनेल्ली या समीक्षकाने तो रुळवला असं मानतात. जेवणाबरोबर नाही, जेवणानंतर शांतपणे, खुर्चीत रेलून, घोट घोट प्यायची वाइन. वाळवलेल्या द्राक्षांची आमारोने, गोड पासितो, विन सांतो. आमारोनेची द्राक्षं काढणीनंतर काही महिने वाळवतात, मग अल्कोहोल किमान चौदा टक्के आणि बहुतेक वेळा त्याहून जास्त, एवढं दाट प्रकरण जेवणाशी जमवायला गेलं तर जेवणाचंच काही खरं नाही. म्हणजे ज्या देशात वाइन पाण्यासारखी टेबलावर असते त्याच देशात "ही मात्र एकटी" अशी वेगळी जागाही आहे. हे मित्राला सांगितलं तर म्हणाला, "इटालियन लोक त्याबरोबर चीज खातात." खातात काही जण. गप्प बसलो.

एका गोष्टीने मात्र मी स्वतःच अडतो. नुसती वाइन चाखून तिची पारख करायची म्हटलं की मोठ्या आवाजाच्या वाइन पुढे जातात. २४ मे १९७६ ला पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या ब्रिटिश वाइन व्यापाऱ्याने ती प्रसिद्ध चाचणी घेतली, लेबलं झाकून, नऊ फ्रेंच परीक्षक, दहा व्हाइट आणि दहा रेड, आणि दोन्हीकडे पहिली आली कॅलिफोर्नियाची वाइन, शातो मोंतेलेनाची १९७३ ची शार्दने आणि स्टॅग्ज लीपची १९७३ ची काबर्ने. निकालाबद्दल माझी काही तक्रार नाही, उलट मजाच वाटते. पण एका बैठकीत वीस वाइन, एकेकीचा घोटभर, आणि बहुतेक थुंकायचा, हे वाइन पिणं नाही, ही परीक्षा आहे. वीस जणांच्या घोळक्यात मोठ्याने बोलणारा लक्षात राहतो, हळू बोलणारा घरी एकटा भेटला तरच कळतो. तेव्हा मी जे "नुसती" म्हणतोय ते हे नाही. एक बाटली, दोन-तीन माणसं, तासभर वेळ. आणि नुसती म्हणजे वाइन एकटी, माणूस एकटा नाही. एकट्याने चांगली बाटली उघडून बघितलीय मी, दर पाच मिनिटांनी "अरे हे बघ!" म्हणायला शेजारी कोणीतरी लागतंच, नाहीतर जीव गुदमरतो.

अपवाद आहेत, आणि दोन ठिकाणी मी बिनशर्त शरण आहे. एक म्हणजे सोतेर्न आणि रोकफोर, बोर्दोची बुरशीने गोडवलेली वाइन आणि निळ्या शिरांचं खारट चीज. ती वाइन एकटी देवासारखी, चीज एकटं थोडं उग्र, पण एकत्र आले की तिसरंच काहीतरी होतं जे दोघांत नव्हतं. दुसरं व्हँ जोन, फ्रान्सच्या ज्युरा भागातली, पिंपात सहा वर्षांहून जास्त काळ यीस्टच्या सायीखाली ठेवलेली, ६२० मिलीच्या ठेंगण्या बाटलीत येणारी, अक्रोडाच्या वासाची विचित्र वाइन, आणि तिच्याच गावचं कोंते चीज. पहिल्यांदा नुसती प्यायलो तेव्हा वाटलं खराब झालीय. कोंतेचा तुकडा तोंडात टाकून प्यायलो आणि मनातल्या मनात माफी मागितली. पण लक्षात घ्या, हे शेजारी-शेजारी वाढलेले किंवा कोणीतरी फार विचार करून जुळवलेले संसार आहेत. आठ जणांच्या जेवणात चार पदार्थांच्या गर्दीत असं होत नाही.

माशाबद्दल एक छोटं, कारण हमखास कोणीतरी विचारतं. माशाबरोबर रेड नको हे केवळ नखरे नाहीत. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की वाइनमधलं लोह, साधारण लिटरला दोन मिलिग्रॅमच्या वर गेलं, की माशांबरोबर तो उग्र वशट वास येतो. म्हणजे दोष लाल रंगाचा नाही, लोहाचा. कमी लोह असलेली रेड चालून जाते. आता बाटलीवर लोह कोण लिहितं म्हणा.

बाकी मी आता काय करतो ते सांगतो, ज्याला पटेल त्याने घ्यावं. रिकाम्या पोटी बसायचं नाही, ते झपकन चढतं आणि मग काय गुलाब आणि काय डांबर, म्हणून तासभर आधी साधा ब्रेड किंवा असंच काही बिनवासाचं खाऊन घ्यायचं. वाइन फार गरम नको, रेड सोळा-सतरा डिग्रीला बास. पहिल्यांदा सगळ्यांना अगदी थोडी, पन्नास-साठ मिली. बाटली ७५० मिलीचीच असते, त्यामुळे चार माणसांत हे केलं तरी जेवणासाठी निम्म्याहून जास्त उरते. म्हणजे जेवणवाल्यांवर काही अन्याय नाही. परफ्यूम नको, उदबत्ती नको, आणि स्वयंपाकघरात फोडणी चालू असेल तर दुसऱ्या खोलीत बसायचं. मग जेवण, आणि तेही साधंच, भाजलेलं चिकन, मशरूम, बटाटे. बाटली मोठी तर ताट लहान, असा माझा हिशोब.

मित्राकडे त्याच बारोलोची अजून एक बाटली आहे, तीही २००४ चीच, हे त्याने मला भांडणाच्या दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं, तोवर लपवलं होतं गाढवाने. बऱ्याच वाटाघाटी झाल्या. ठरलंय असं: आम्ही चौघंच, बाटली दोन तास आधी उघडून डिकँटरमध्ये (काचेच्या सुरईत), पहिली पाऊण तास नुसती, मग लोण्यात परतलेले मशरूम. लसूण नाही. त्याने लसणीसाठी बरंच ताणून धरलं पण मी हललो नाही. चीजच्या बाबतीत मला नमतं घ्यावं लागलं, एक तुकडा चालेल पण शेवटी, बाटली संपल्यावर. त्याच्या बायकोची एकच अट आहे, त्या पाऊण तासात आम्ही दोघांनी तोंड उघडायचं नाही.